रेघेवर जाणारा अंगठा

आमच्या घराच्या पुढच्या खोलीत माझ्या नवऱ्याचं सुतारकामाचं दुकान आहे आणि मागच्या खोलीत माझा स्वयंपाक. मधली भिंत एका विटेची. पुढं रंधा फिरला तरी मला भाजी चिरताना कळतं, आणि तीस वर्षं त्या आवाजांचा मला कधी त्रास झाला नाही. मशीन आली आणि मी भ्यायला लागले. उगाच घाबरणारी बाई मी नव्हे. कमलनगरच्या जीपवाल्यांशी भांडून पुढच्या सीटवर बसून औरादला जाणारी मी. पण त्या मशीनला मी भ्याले, आणि अजून भिते.

ती आणावी लागली ह्यांच्या खांद्यामुळं. चाळीस वर्षं हातानं करवत ओढून उजवा खांदा कामातून गेला. उदगीरचे डॉक्टर म्हणाले, करवत बंद. सुताराची करवत बंद झाली तर त्यानं करायचं काय, ते डॉक्टरांनी सांगितलं नाही. बिदरला ह्यांच्या मामेभावानं दुकान मोडलं तेव्हा त्याची मशीन टेम्पोत घालून आणली. रेडियल आर्म सॉ म्हणतात तिला. आम्ही नुसतं मशीन म्हणतो. टेबलामागं खांब, खांबाला पुढं आलेला लोखंडी हात, आणि त्या हाताखाली लटकलेलं गोल पातं. लाकूड जागेवर राहतं, पातं आपल्याकडं ओढायचं. फळी आडवी कापायला झकास, आणि खांद्याला जोर नाही.

नियम ह्यांनी पहिल्याच दिवशी पाठ केले आणि येईल त्या गिऱ्हाइकाला ऐकवले. फळी टेबलाच्या मागच्या उभ्या पट्टीला घट्ट टेकवायची. डावा हात पात्यापासून दीड वीत लांब. तिथं टेबलावर त्यांनी लाल पट्टा रंगवला, हात त्याच्या आत येता कामा नये. उजवा हात ताठ, कारण पातं लाकडात शिरलं की आपणहून अंगावर धावतं, त्याला ओढायचं कमी आणि रोखायचं जास्त. काप झाला की पातं पार मागं ढकलायचं, आणि ते पुरतं थांबेपर्यंत लाकडाला हात लावायचा नाही. ऐकून ऐकून मलाही सगळं तोंडपाठ झालं होतं.

गाणगापूरच्या एका लॉजवाल्यानं पंगतीसाठी शंभर पाट सांगितले. प्रत्येक पाटाखाली दोन आडव्या पट्ट्या ठोकायच्या, वीतभर लांबीच्या. लांब फळीचा एक काप घेणं वेगळं आणि तिच्यातून असे तुकडे पाडत जाणं वेगळं. दर कापाला फळी आखूड होते आणि धरणारा हात पात्याकडं सरकतो.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी दुपारी मी चहा घेऊन पुढं गेले. पातं फिरत होतं. ह्यांचा डावा हात लाल पट्ट्याच्या बाहेर होता, अगदी नियमानं. उजव्या हातानं पात्याची मूठ धरून ते ओढायला घेतलं, आणि डावा हात फळीवरून हळूच पुढं आला. अंगठा पेन्सिलीच्या रेघेवर जाऊन बसला, जिथून पातं जाणार होतं बरोबर तिथं.

सुताराघरची बाई असल्यामुळं मला ते बघताक्षणी कळलं. हातकरवतीनं काप सुरू करताना अंगठ्याचं नख रेघेवर लावावंच लागतं. करवत त्या नखाला टेकवून दोनदा हलकं ओढली की खाच पडते, मग अंगठा काढून घ्यायचा. नाहीतर करवत घसरते. चाळीस वर्षं रेघ दिसली की ह्यांचा अंगठा तिथं गेलेला. आताही त्यांचं सगळं ध्यान रेघेकडं होतं, अंगठा कुठं आहे ते त्यांच्या गावीही नव्हतं.

ओरडावं तर ते दचकणार, आणि दचकलेला हात कुठं जाईल काय सांगावं. दाराजवळच्या बोर्डावरचा खटका मी पाडला. वीज गेली तरी पातं लगेच थांबत नाही, हे मला माहीत असून त्या घटकेला आठवलं नव्हतं. ते घोंगावत राहिलं, आवाज सावकाश उतरत गेला, आणि मी चहाचा कप धरून बघत राहिले. इतका लांब वेळ मी आयुष्यात काढलेला नाही, दोन्ही बाळंतपणं धरून.

"कामून बंद केलीस?" हे भडकले.

"अंगठा बघा तुमचा."

त्यांनी खाली बघितलं. पातं अंगठ्यापासून चार बोटांवर थांबलं होतं. भ्याले की हे कानडीत बोलतात. "साकु," म्हणाले, म्हणजे पुरे, आणि भुशातच बसले. मग म्हणाले, "मी न्हाई न्हेलो त्याला तिथं. आपोआप गेलाय."

हेच तर भयंकर होतं. माणूस निष्काळजी असला तर त्याला रागावता येतं. इथं माणूस नियमानं वागायलाय आणि त्याचा अंगठा ऐकत नाही. मी म्हणाले, फडक्यानं अंगठा बोटांना बांधून टाकू. तर म्हणे, फडकं पात्यात गुंतलं तर अख्खा हात आत जाईल. तेही खरंच. मग शिकंजा आणला. फळी शिकंज्यात आवळली की डावा हात लावायचं कारणच नाही. दहा-बारा पट्ट्या तशा कापल्या, आणि दर खेपेला आवळा-सोडा करायचा ह्यांना कंटाळा आला. शिकंजा कुठाय विचारलं की म्हणायचे, "हाय की इथंच." इथंच म्हणजे टेबलाखाली.

माझा जीव टांगणीला लागला. डाळ करपायची, दूध उतू जायचं, आणि मी पुढच्या दारात. "डोक्यावर उभी ऱ्हाऊ नको," हे म्हणायचे, "मला भ्या वाटायलंय." मी म्हणायची, वाटू द्या.

एका दुपारी हे जेवायला बसले ते डावा हात मांडीखाली दाबून. मी आमटी वाढता वाढता थांबले.

"हात दाखवा."

"काय न्हाई."

"दाखवा म्हणते."

अंगठ्याचं नख पुढून उडालं होतं. रक्त नाही, जखम नाही. काटकोनाचा गुण्या लावून कापावं तसं सरळ. पातं तांदळाच्या एका दाण्याइतकं इकडं आलं असतं तर काय झालं असतं, ते दोघांनाही दिसत होतं. मला आधी संताप आला. बोलायला तोंड उघडलं आणि रडूच कोसळलं.

"उद्यापासून पट्ट्या मी कापणार," मी म्हणाले.

हे हसले. "तू? जल्मात कधी करवत धरलीस व्हय?"

"न्हाई धरली, म्हणूनच म्हणायलेय. माझ्या अंगठ्याला रेघ ठाऊक न्हाई."

हसणं थांबलं. त्यांनी ताट अर्धं सोडून हात धुतले.

तीन दिवस त्यांनी मला वीज बंद ठेवून शिकवलं. चौथ्या दिवशी मी केस आवळून बांधले, पदर खोचला, आणि हे म्हणाले, "बांगड्या काढ." पात्याजवळ काही लोंबतं नको, ते मला कळत होतं. पण नवरा समोर धडधाकट उभा असताना हात मोकळे करायला मन धजेना. ह्यांच्याच अंगठ्यासाठी काढतेय, असं स्वतःला समजावत एकेक उतरवली. मग फळी शिकंज्यात आवळली, डावा हात पाठीमागं घेतला आणि बटण दाबलं. पातं लाकडात शिरलं आणि माझ्याकडं धावलं. नियम पाठ असणं वेगळं आणि ते दातेरी चाक आपल्या पोटाच्या रोखानं येणं वेगळं. मी हात ताठ धरला. तुकडा पडला. पातं मागं ढकललं, ते थांबलं, तरी मी मूठ सोडेना.

तेव्हापासून हे रेघा आखायचे, मी कापायची, हे ठोकायचे. फळी आखूड झाली की उरलेला तुकडा मी कापत नसे, सरपणात टाकायची. ते ह्यांना बघवायचं नाही.

वीसेक पट्ट्या उरल्या तेव्हा म्हणाले, "एक काप मला करू दे. एकच."

नाही म्हणवेना. मी जाऊन खटक्याशी उभी राहिले. त्यांनी फळी टेकवली, हात लाल पट्ट्याच्या बाहेर ठेवला. बटण दाबलं नाही. फळीला लागू नये इतकं पातं वर घेऊन, थांबलेलंच सावकाश ओढून बघितलं. अंगठा निघाला आणि रेघेवर आला. पुन्हा ओढलं, पुन्हा आला. तिसऱ्यांदा ते अंगठ्याकडंच बघत राहिले. अंगठा थांबला, पण फळी सरकली आणि पातं रेघ सोडून गेलं.

"ह्याच्याकडं बघितलं तर रेघ दिसत न्हाई," म्हणाले. "रेघेकडं बघितलं तर ह्यो पळतोय."

त्यांनी मूठ सोडली आणि बाजूला झाले. "तूच कर."

गेले कित्येक दिवस मला हेच हवं होतं, आणि आता ते ऐकून मला कसंतरी झालं. मी पातं खाली घेतलं, फळी आवळली. हे माझ्या खांद्याशी उभे होते, फार जवळ, आणि त्यांचा डावा हात टेबलाच्या काठावर होता. मला पुन्हा भीती वाटली.

"लांब व्हा," मी म्हणाले.

तीस वर्षं ह्या दुकानात हेच मला तसं म्हणत आले होते. ते दारापर्यंत मागं सरले. मी बटण दाबलं.