खिशातल्या कार्डाची तक्रार

आधीच सांगून टाकतो — माझा भुताखेतांवर विश्वास नाही. माझा विश्वास वायरीवर. मला ओळखणारे म्हणतात, याच्या बोलण्यातून निम्मं वजा करायचं. करा. फोनवर पंख्याचा आवाज ऐकून मी पाचोडचा कॉम्प्युटर दुरुस्त केलाय, आणि वैजापुरात माझी गाडी दिसली की अडकलेले प्रिंटर घाबरून कागद सोडतात. त्यातून वजा करा. यातून नको.

आपल्या संभाजीनगरात, चिकलठाण्याच्या बाजूला साबळे मॅडमची टिश्यू कल्चर लॅब आहे. काचेच्या बाटल्यांत डाळिंबाची बोटभर रोपं वाढवतात. सोयगावला मॅडमच्या वडिलांच्या शेतात एक झाड होतं — आसपासच्या बागा तेल्या रोगानं गेल्या, हे उभं राहिलं. मॅडमनी त्यावर नऊ वर्षं घातली. मागच्या वर्षी झाडावर वीज पडली. उरल्या त्या फक्त त्याच्या रोपांच्या बाटल्या.

त्या बाटल्यांच्या खोलीत दिवसभर दिवे आणि एसी. आत जायचं ते सकाळी एकदाच, आंघोळ करून, पांढरा कोट घालून. नाहीतर बुरशी शिरते. बाकी वेळ आतलं तापमान ऑफिसच्या कॉम्प्युटरवर बघायचं.

या कॉम्प्युटरला दोन नेटवर्क कार्डं. एक इंटरनेटचं. दुसऱ्याची केबल खोलीतल्या तापमापकाला. एप्रिलमध्ये वाय-फायवाला नवा तापमापक आला, मी जुना काढला, केबल दाराशी लोंबत सोडली. लगेच स्क्रीनच्या कोपऱ्यात पिवळ्या त्रिकोणासकट मेसेज यायला लागला — 'कनेक्शन दोन : केबल निघालेली आहे.' मी सेटिंगमधून सूचनेची टिक काढून टाकली. आमच्या धंद्यात मेसेज बंद झाला की तक्रार मिटली. महिनाभर सगळं शांत.

मे महिना, दुपारचे अडीच. लॅबमधल्या कैलासमामांचा फोन.

"इंजिनिअर, तुमचं ते पिवळं तिरकोनी परत आलंय. केबल निघाली म्हणतंय."

"मामा, ती मीच काढलीय."

"मंग त्याला सांगा की तसं."

गेलो. टिक काढलेलीच होती, तरी मेसेज. कार्ड डिसेबल केलं. अर्धा कप चहा होतो तोवर पुन्हा मेसेज. मॅडमचा रिपोर्ट अडलेला, त्या माझ्यामागंच उभ्या. मग मी पेटलो — डबा उघडला, स्क्रू काढला, कार्डच उपटून शर्टाच्या खिशात टाकलं. चालू केलं... 'कनेक्शन दोन : केबल निघालेली आहे.'

जाणकार म्हणतील, काढलेल्या कार्डाची नोंद विंडोजमध्ये लपून राहते. राहते, मलाही माहीत आहे. तीही शोधून पुसली. बंद-चालू केलं. तीन मिनिटांत मेसेज हजर.

"कार्ड काढलंत ना तुम्ही?" मॅडम म्हणाल्या.

"हे काय, खिशात."

"मग बोलतंय कोण?"

"कोन बोलायलं ते जाऊ द्या," मामा म्हणाले, "कोन्त्या केबलीचं बोलायलं ते तर बघा. इतक्या येळा सांगायलंय बिचारं, अन् तुमी नुस्तं तोंड दाबायलात त्याचं."

वीस वर्षांत मेसेज बंद करायच्या सत्तर तऱ्हा शिकलो. मेसेज म्हणतो ते उठून बघायची ही पहिलीच वेळ.

भिंतीच्या कडेकडेनं केबल धरून गेलो. टोक खोलीच्या दाराशी लोंबत होतं. दाराच्या काचेतून दिवे दिसत होते, बाटल्या ओळीनं. स्क्रीनवर तापमान पंचवीस. टोक उचलायला वाकलो आणि तोल सावरायला काचेवर हात टेकला.

"मॅडम, ही काच एवढी गरम असते?"

मॅडम चपलेसकट, कोटाशिवाय आत धावल्या. एसी बंद, दिवे सगळे चालू. भिंतीवरचा पाऱ्याचा तापमापक एकोणचाळीस दाखवत होता. वाय-फाय तुटलं होतं आणि कॉम्प्युटर सकाळचाच आकडा धरून बसला होता.

मामांनी दिवे बंद केले. तिघांनी मॅडमच्या थंड केबिनमध्ये बाटल्या पोचवल्या. मी एका खेपेत चारशे नेल्या — बरं, चाळीस. वरच्या फळीवरची रोपं करपली होती. खालची वाचली. "अजून तासभर गेला असता तर काहीच उरलं नसतं," मॅडम म्हणाल्या, आणि तिथंच फरशीवर बसल्या.

परत आलो तर मेसेज नाही. कॉम्प्युटरच्या आतली नोंदवही उघडली — टिक काढल्यापासून त्या मेसेजची एकही नोंद नाही. तिघांनी पाहिलेला मेसेज कॉम्प्युटरनं दाखवलाच नव्हता म्हणे. फोटो काढायचं मामांना सुचलं नाही. मला सुचलं होतं, पण कार्ड खिशात ठेवून कसला फोटो काढायचा, म्हणून लाजलो. माझ्याहून मोठ्या चार जाणकारांना विचारलं. चौघांनीही निम्मं वजा केलं, आणि उरलेल्याचं कारण एकालाही देता आलं नाही. मलाही नाही.

दुसऱ्या दिवशी मॅडम एवढंच म्हणाल्या, "कार्ड होतं तिथं बसवा." बसवलं. सूचनेची टिक लावली. एसी बंद पडला तर वाजणारी घंटा बसवली, जुना तापमापकही परत टांगला, आणि त्याला जोडायला ती केबल उचलली. मामांनी माझा हात धरला.

"तापमापकाला दुसरी टाका. ही निघालेलीच ऱ्हाऊ द्या. नायतर ते सांगंल कशाचं?"

वेगळं कार्ड घालून दुसरी केबल टाकली. ती जुनी अजून तिथंच लोंबतेय.