तिवरमावशी

मावशी कुजबुजली तरी खाडीतल्या होडीवरचा माणूस मान वळवून बघायचा. देवानं तिला आवाजच तसा दिला होता. आमच्या शिवडीच्या कोळीवाड्यात तिला सगळे तिवरमावशी म्हणत, कारण किनाऱ्यावरच्या तिवरांच्या राईत कुणी पाऊल टाकलं की पहिली हाक तिची येई.

त्या राईला कोयता लावायचा नाही, हा गावाचा जुना नेम होता. पण लालबाग-परळात गिरण्या वाढल्या, चाळी भरल्या आणि सरपण मिळेनासं झालं. एका ओहोटीला कोकणातून नवीनच आलेली पार्वती नावाची बाई तिवर तोडताना सापडली.

“कोयता ठेव गो खाली!” मावशी ओरडली. “तिवरा म्हंजे कोलंबीचा माहेर. बालंतपनाला आलेल्या लेकीच्या डोक्यावरचा छप्पर काढतंस?”

“मगे चूल कशान पेटवू, मावशे? पोरां उपाशी आसत.”

मावशीनं तिला तोडलेलं तेवढं नेऊ दिलं. असं क्वचितच घडे. दुसऱ्या दिवसापासून दादरच्या नारळीच्या वाड्यांत मासळी विकून परतताना तिच्या रिकाम्या पाटीत वाळक्या झावळ्या, करवंट्या असत. त्या ती थेट पार्वतीच्या चाळीत नेऊन टाकी. मी सख्खी भाची, म्हणून दुसरा भारा माझ्या डोक्यावर. मी कुरकुरले की म्हणे, “चुलीला नुसता नाय म्हनून चालत नाय गो. तिला दुसरा काय तरी द्यावा लागतं.” पुढे चाळीतल्या बायका आपणच वाड्यांत जाऊ लागल्या. राईतले कोयते थांबले.

मग राईसकट खाडी बुजवायचा ठेका निघाला. दगडमातीचे खटारे रांगेनं आले आणि मावशी वाटेतच फतकल मारून बसली. आम्ही कोळणी तिच्यामागे बसलो. “उचला यांना!” ठेकेदार गरजला. तेवढ्यात पार्वती चाळीतल्या बायका घेऊन आली आणि सगळ्यांच्या पुढे बसली. पहिला गाडीवान तिचाच नवरा होता. मागचेही बहुतेक त्याच चाळीतले.

“हाक की रे!” ठेकेदार म्हणाला.

“बायलेच्या अंगावर खटारो घालू?” म्हणत पार्वतीच्या नवऱ्यानं जू उतरवून बैल सोडले.

चार दिवस खटारे उभे राहिले. शेवटी ठेका देणारा साहेब आला, हिंडून पाहून गेला आणि खाडीच्या मधोमध बांध घालायचं ठरलं. अलीकडची खाडी बुजली, तिथे वखारी आल्या. पलीकडची राई वाचली. “अर्धा तरी माहेर राहिला,” मावशी म्हणाली आणि पदरानं डोळे पुसून पाटी उचलून बाजाराला गेली.

दोन वर्षांनी ऐन पावसाळ्यात ती तापानं गेली. तेराव्याला चाळीतल्या बायका आल्या. आमच्या रीती त्यांना ठाऊक नव्हत्या. राईत तिवरांसोबत वाढणाऱ्या कांदळाच्या गळून पडलेल्या, चिखलात रुजणाऱ्या लांब शेंगा त्यांनी ओटीत गोळा केल्या आणि बांधाच्या कडेला चिखलात रोवायला लागल्या. बऱ्याच शेंगा उलट्या रोवल्या होत्या. दिवसभर रडत बसलेली माझी आई ते बघून हसली, तिनं लुगडं वर खोचलं आणि चिखलात उतरून एकेक शेंग सुलटी करू लागली.