भोंग्यावरचा बेस

आमच्या बँडला आजही नाव नाही. पोस्टरवर काहीतरी लागतं म्हणून दर वेळी एक नाव लिहितो आणि पुढच्या वेळी विसरतो. पण तुमचा आवाज असा कसा, असं कुणी विचारलं की उत्तर ठरलेलं असतं. तो परंड्याच्या एका मंडपवाल्याच्या भोंग्यातून आला.

आम्ही तिघं धाराशिवला कॉलेजच्या वसतिगृहात एका खोलीत राहायचो. बेस गिटार वाजवायचा तो या मंडपवाल्याचा मुलगा. ढोलवाला धनगराच्या घरचा, बिरोबाच्या जत्रेत गजीनृत्यापुढं वाजवून हात तयार झालेला. आणि तिसरा मी, थोडी गिटार नि बाकी तोंड. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला पहिला माणूस मीच, त्यामुळं त्या खोलीचे उपकार मी कधी विसरत नाही. पुस्तकं मिळाली, मित्र मिळाले आणि एके दुपारी बेसवाल्याच्या मोबाइलवर पोस्ट-पंक मिळालं. पंक म्हणजे ओरडून राग काढायचा, एवढं आम्ही ऐकून होतो. हे त्याच्यानंतरचं. राग तोच, पण आता भिंतीला टेकून विचार करत बसलेला. बेस सगळ्यांच्या पुढं, गिटार बारीक आणि टोकदार, ढोल कोरडा. शिवाय गाणारा गात नव्हताच, सरळ बोलत होता. मला सूर लागत नाही. ते ऐकून मला फार धीर आला.

सुट्टीत तालमी मंडपाच्या गोदामात व्हायच्या. चारी बाजूंनी सतरंज्या आणि गाद्यांच्या थप्प्या. ढोलवाल्यानं घरचा ढोल आडवा बांधला होता, शेजारी लग्नाच्या बँडमधला एक जुना साइड ड्रम. कितीही जोरात मारा, आवाज गादीत शिरायचा आणि तिथंच मरायचा. आम्हाला हवा होता तसा कोरडा ढोल आयताच मिळाला. शब्द माझ्याकडं होते. परंड्याच्या स्टँडवर कुर्डुवाडीच्या गाडीची वाट बघत मी जे काही ऐकलं होतं, ते शाळेत पाढे म्हणायचो त्या चालीत म्हणायचो.

बेसवाल्याच्या वडिलांना आम्ही सगळेच आबा म्हणायचो. शेवटच्या वर्षाची परीक्षा झाल्यावर आबा गोदामात आले, एका गादीवर बसले आणि सगळं ऐकून घेतलं.

"झालं?"

"झालं, आबा."

"कुणाचं भांडण चाललंय असं वाटतंय."

मग त्यांनी अट घातली. एकदा गावात, लोकांपुढं वाजवायचं. लोक बसले तर पुण्याला जाऊन काय करायचं ते करा. उठून गेले तर ती गिटार विकायची आणि पोरानं दुकानात बसायचं. बेसवाला हो म्हणाला, पण त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही.

ठिकाणही आबांनीच काढलं. ढोलवाल्याच्या भाच्याचं जावळ होतं, मंडप आबांचाच. जावळ म्हणजे गावाला मटणाचं जेवण. सकाळी बोकड, दुपारी पंगत. "पंगतीच्या आधी वाजवा," आबा म्हणाले.

आम्ही पोचलो तेव्हा मामाच्या मांडीवर बसून भाच्याचं डोकं भादरून झालं होतं. मामा म्हणजे आमचा ढोलवाला. त्याच्या शर्टभर बारीक केस, आणि तो खाजवत खाजवत ढोल बांधत होता. बेसवाला मात्र टेम्पोजवळ उभा राहून पांढरा पडला होता.

"आबा, स्पीकरचे बॉक्स कुठंयत?"

"कुर्डुवाडीच्या लग्नाला गेले."

"आन आमाला?"

"भोंगे हायत की."

"भोंग्यात बेस वाजतो व्हय, आबा?"

"गिऱ्हाईक आधी, घरचं मागनं. धंद्याचं तुला आजून कळंना."

पत्र्याचा भोंगा चार शेतं ओलांडून आवाज नेतो, पण फक्त उंच आवाज. खालचे सूर त्यातून बाहेरच येत नाहीत. पहिलं गाणं सुरू झालं आणि बेसचा नुसता टकटक आवाज आला, कुणी दार वाजवतंय तसा. बेसवाल्यानं माझ्याकडं बघितलं. पुढं सतरंजीवर अख्खं गाव बसलेलं. मग त्यानं जाड तारा सोडून दिल्या. हात गळ्यावरून खाली, गिटारीच्या पोटाकडं सरकवला आणि बारीक तारांवर वाजवायला लागला. भोंगा एकदम बोलायला लागला. बेस रडका, उंच, लांब जाणारा झाला, गाण्याची चाल तोच सांगायला लागला. माझी गिटार तर पत्र्यावर खिळा ओढावा तशी येत होती, म्हणून मी ती कमी केली आणि मोकळ्या जागेतच एखादा घाव घालायला लागलो. खाली ढोल गजीच्या चालीत. त्या दुपारी आमचा आवाज आम्हाला पहिल्यांदा सापडला.

मी माइकवर स्टँडचं गाणं म्हणत होतो. "गाडी येणार आहे. प्रवाशांनी थांबावं. गाडी येणार आहे."

पुढं बसलेली एक म्हातारी ओरडली, "आरं पण कवा?"

मी तालातच म्हणालो, "उशिरा!"

लोक हसले. मग दर वेळी म्हातारी विचारायची, "कवा?" आणि सगळा मंडप म्हणायचा, "उशिरा!" ते आजही त्या गाण्यात आहे.

कुणी उठलं नाही. सगळी गाणी संपेपर्यंत एकसुद्धा माणूस उठला नाही. बेसवाल्याच्या डोळ्यांत पाणी आलं. आम्ही उड्या मारत चुलाणाकडं गेलो. आचारी घामाघूम होऊन डाव आपटत होता.

"वाजवून झालं का राजेहो? रस्सा आटला माझा! आबांना किती डाव इचारलं, वाढू का, वाढू का. म्हणले, थांब, पोरांचं होऊ दे."

बेसवाला तिथंच थांबला. मटणाच्या पंगतीआधी मंडपातून कोण उठतं? आणि जन्मभर मांडव घातलेल्या माणसाला हे ठाऊक नसेल?

"आबा, मग त्या अटीला काय अर्थ ऱ्हायला?"

आबा सतरंजी झटकत होते. वर न बघता म्हणाले, "पोटं भरल्यावर वाजवा, आसं म्या कुठं म्हणलं व्हतं?"

आता आम्ही तिघंही पुण्यात नोकऱ्या करतो आणि सुट्टीच्या दिवशी वाजवतो. चांगले बॉक्स मिळतात, तरी बेसवाला बारीक तारांवरच असतो. मागच्या हिवाळ्यात आबा पहिल्यांदा पुण्याला ऐकायला आले. लहानसा हॉल, खुर्च्या भरलेल्या. ते मागच्या रांगेत टोपी मांडीवर घेऊन बसले. "उशिरा" पण सगळ्यांबरोबर म्हणाले. संपल्यावर लोक अजून एका गाण्यासाठी बसूनच होते, तेव्हा आबांनी मुलाला बाजूला घेऊन हळूच विचारलं,

"हितं जेवाय काय हाय रं?"

"काही नाही, आबा. चहासुद्धा नाही."

आबांनी वळून भरलेल्या खुर्च्यांकडं नीट बघितलं.

"आन तरी बसलेत?"