लिस्बनच्या बाईचं जनेल

आमच्या कोरगावचा हा शेजारी पणजीत पर्यटकांना जुनी घरं दाखवतो. बोलताना उलटा चालतो, आणि हातातली छत्री फक्त बोट दाखवायला वापरतो. कुणी 'पोर्तुगीज वारसा' म्हटलं की मला बाजूला घेऊन पुटपुटतो, "वारसो बापाशीकडसून येता. पाखलो खंय आमचो बापूस?" पाखलो म्हणजे गोरा पोर्तुगीज.

परवा त्याच्या घोळक्यात माझ्याबरोबर लिस्बनची एक म्हातारी होती. सोबत आलेल्या टूर कंपनीच्या मालकाने बजावलं होतं, पाहुणीला दुखवलंस तर काम गेलं. तरी याने पाडलेली देवळं सांगितली, आमच्या भाषेवरची बंदीही सांगितली. म्हातारी मान खाली घालून ऐकत होती. मालक कासावीस होऊन छताकडे बघत होता.

इंग्रजीत रंगला की याच्या तोंडून गावचे शब्द सुटतात. छत्री खिडकीकडे करून म्हणाला, "आता हें जनेल पळयात."

"जानेला!" म्हातारीने मान वर केली. "हा तर आमचा शब्द!"

तो तिच्याकडे वळला. मग म्हणाला, "व्हय बाये. आमची भाषा बंद करूंक गेलात आणि तुमचीच हंय विसरून गेलात."

तेच त्याने इंग्रजीत सांगितलं तशी म्हातारी खळखळून हसली. "आणखी काय काय विसरलो?"

असे विसरलेले शब्द दाखवत फेरी जेवणाची वेळ टळेपर्यंत चालली. मालकही मागून चालत होता.