खांद्यावरचा हात

संस्थावाल्यांत त्यांना सगळे मिलिमीटरकाका म्हणत. एखादं अक्षर केसभर सरकलं तरी ते छापखानेवाल्याशी तासभर हुज्जत घालत, म्हणून पडलेलं नाव. वृद्धाश्रम, रक्तपेढी, भटक्या कुत्र्यांचा दवाखाना, अशा कुणाकुणाची माहितीपत्रकं आणि वेबसाइट ते घराच्या मागच्या खोलीत बसून करत. बायको नर्स. "मी जखमा बांधते, हे त्या छापतात," असं ती पाहुण्यांना सांगायची. तेही हसायचे.

त्यांचं सगळ्यात गाजलेलं काम म्हणजे एका बालगृहाचं पोस्टर. पाच-सहा वर्षांची मुलगी, थेट आपल्याकडे बघणारी, आणि खाली 'हिचं कुणी नाही. तुम्ही व्हाल?' बसथांब्यांवर, दवाखान्यांत, जिकडेतिकडे ते लागलं. त्या पोस्टरच्या जोरावर बालगृहावर दुसरा मजला चढला. संस्थेची वेबसाइट उघडली की अजूनही तोच चेहरा समोर यायचा.

एका दुपारी दारात पंचविशीची एक मुलगी उभी राहिली. काकांनी तिला लगेच ओळखलं. तो चेहरा त्यांनी किती दिवस पडद्यावर मोठा करून पाहिला होता!

"अगं, ये ये!" मग आत वळून, "ऐकलंस का, चहा टाक, पाहुणी कोण आलीय बघ!"

ती बसली नाही. "मला तो मूळ फोटो हवाय. न कापलेला."

"का गं?"

"त्यात माझी आई आहे."

मुलगी सांगत राहिली. आई आजारी असायची, पोरीला सांभाळणं झेपेना, म्हणून तिला तिथे ठेवलं होतं. दर रविवारी भेटायला यायची. फोटो काढला तेव्हा ती शेजारीच बसली होती, लेकीच्या खांद्यावर हात ठेवून.

काकांना तो हात आठवला. बाई कापून टाकल्यावरही दोन बोटं फ्रॉकवर उरली होती. फ्रॉकवरचीच फुलं संगणकावर उचलून त्यांनी ती बोटं अशी झाकली की कुणाला पत्ता लागू नये. त्या सफाईबद्दल छापखान्यात शाबासकीही मिळवली होती.

"आईने पोस्टर पाहिलं?" स्वयंपाकघराच्या दारातून बायकोने विचारलं.

"बसथांब्यावर. तिला वाचता येत नव्हतं. कुणालातरी विचारलं, काय लिहिलंय म्हणून." मुलीने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "मग तिचं येणं कमी झालं. म्हणायची, मी आहे हे लोकांना कळलं तर तुला बाहेर काढतील. पुढे ती गेलीच. माझ्याकडे तिचा एकही फोटो नाही. चेहराही आता नीट आठवत नाही."

काकांनी सगळं घर उपसलं. जुन्या डिस्कवर फाइल सापडली, पण कापल्यानंतर त्याच फाइलवर सेव्ह केलेली. फोटोग्राफर वारला होता आणि त्याचं सामान भंगारात गेलं होतं. शेवटी ते बालगृहाच्या संचालिकाबाईंकडे गेले.

"मूळ फोटो? संगणक बदलले तेव्हाच गेलं सगळं. पण बरं झालं आलात, पोस्टर नव्याने करायचंय. चेहरा तोच ठेवा, लोक ओळखतात."

"बाई, तो काढून टाका. त्या मुलीला आई होती."

"होती. आता नाही ना? मग त्यात खोटं काय?"

काकांनी त्यांना खूप विनवलं. बाईंनी त्यांच्यापुढे पाण्याचा पेला सरकवला.

मुलीला त्यांनी फोन केला. सापडला नाही, हे चार शब्दांत सांगायचं होतं, तरी अडखळले.

"पुसलेलं परत आणता येतं म्हणतात ना?" तिने विचारलं.

"नाही गं बाळ."

"निदान ती बोटं तरी?"

"नाही."

तिने फोन ठेवला. त्यानंतर काका कितीतरी वेळ पडद्यासमोर बसून फ्रॉकवर एक हात रंगवायला बघत होते. बायको मागे येऊन उभी राहिली. "कुणाचा काढताय तो?" तिने हळूच विचारलं. काकांनी मशीन बंद केलं.

नवं पोस्टर दुसऱ्या कुणीतरी केलं, आधीपेक्षा मोठं. काकांनी बालगृहाचं काम सोडलं, मग हळूहळू बाकीच्यांचंही. डोळे गेले, असं सांगत. मागच्या खोलीत आता कपडे वाळत घातलेले असतात. बायकोने मध्यंतरी त्यांना न सांगता त्या मुलीचा नंबर लावून पाहिला. तो बंद होता.