टेकलेली कवडी

लढाईच्या दिवसांत मी राहात्याजवळच्या एका गावात मिशनच्या शाळेत मास्तरीण होते. नवरा फौजेत, ब्रह्मदेशात. पत्र आलंच तर दोन-दोन महिन्यांनी, तेही सेन्सॉरनं निम्मं काळं केलेलं.

पुस्तकांना कव्हरं घालायला मिशनच्या साहेबांच्या बंगल्यातून रद्दी यायची. तिच्यातल्या एका मासिकात वाचलं, की अमेरिकेत कोणी प्रोफेसर माणसांना फासे टाकायला लावतात आणि मनात धरलेलं दान जास्त वेळा पडतं का ते मोजतात. ते पान मी कव्हराला दिलं नाही. मन फाशापर्यंत पोचत असेल तर ब्रह्मदेशापर्यंत का नाही पोचणार? हसू नका. घरात बोलायला कोणी नसलं की माणसाला असलंच सुचतं.

माझ्याकडे फासे नव्हते, सासूच्या पाच कवड्या होत्या. शाळा सुटली की दार लावून चटईवर वीस वेळा टाकायच्या आणि उताण्या किती पडल्या ते तारखेनिशी वहीत लिहायचं. एक दिवस नवऱ्याचा चेहरा डोळ्यांपुढे आणून, एक दिवस नुसत्याच. त्याच्या दिवशी हमखास जास्त पडत. म्हणजे तो होता, आणि त्याला मी कळत होते.

हेडमास्तर गणित शिकवत. त्यांना मी मोठ्या तोऱ्यात वही दाखवली. त्यांनी सावकाश पानं उलटली.

"बाई, कवडी चटईच्या काठाला टेकली तर?"

"कच्ची धरायची. उचलून पुन्हा टाकायची. सगळेच तसं करतात."

"रोज?"

"नुसत्या टाकायच्या त्या दिवशी," माझ्या तोंडून निघून गेलं. त्याच्या दिवशी टेकलेली कवडी उताणी दिसली, की मी तिला हात लावत नव्हते.

"मग ह्ये मनानं न्हाई झालं बाई, हातानं झालं."

ते इतक्या मायेनं बोलले की मला जास्तच राग आला. आठवडाभर मी त्यांच्याशी बोलले नाही. कवड्या टाकत राहिले, आणि टेकलेल्या उताण्या मोजतही राहिले.

पुढे सरकारी कागद आला. त्यात तो गेल्याची तारीख होती. मी वही काढली. तो त्याचा दिवस होता. इतक्या उताण्या कवड्या आधी कधीच पडल्या नव्हत्या. बाजूला माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, आज गुळाचा शिरा केला.

त्या संध्याकाळी मी एकटीच बसून पोटभर जेवले होते आणि फार खुशीत होते. त्याची मला अजून लाज वाटते.