आमच्या मजल्यावरचा गारठा

हिंजवडीच्या ऑफिसात मी भर मे महिन्यात स्वेटर घालून बसायचे. माझ्या जागेवर एसीचा झोत थेट डोक्यावर यायचा. दुपारनंतर बोटं आखडली, की हात मांड्यांखाली दाबून जरा ऊब आणायची आणि पुन्हा काम. प्रत्येकाच्या खुर्चीच्या पाठीला शाल नाहीतर जॅकेट लटकलेलं असे. यात काही चुकतंय असं कुणालाच वाटत नव्हतं. मोठी कंपनी म्हणजे गारठा असायचाच, अशी समजूत.

ही दोन हजार सात-आठची गोष्ट. मी मूळची कराडची. ऑफिसजवळच्या मारुंजी गावात एका घराच्या वरच्या मजल्यावर मी आणि माझी मैत्रीण भाड्याने राहायचो. ती चंद्रपूरची, माझ्याच टीममधली. मारुंजीत तेव्हा भारनियमन जोरात होतं. सुट्टीच्या दिवशी लाईट गेली की आम्ही दोघी पायरीवर वही हलवत वारा घेत बसायचो. घरमालकीण काकू खालून विचारायच्या, "तुमच्या कंपनीत लाईट जात न्हाई व्हय गं? हितं मोटार चालंना." आम्ही म्हणायचो, "नाही जात, काकू." मग त्या कळशी उचलून हापशावर निघायच्या.

त्याच उन्हाळ्यात कंपनीने पर्यावरणासाठी एक समिती काढली. प्रत्येक मजल्यावरून एक जण हवा होता. आमच्याकडून मी गेले. पहिल्या बैठकीत सगळे पोस्टरच्या रंगांवर बोलत होते. मी म्हटलं, आधी एसी थोडा कमी करू या का? ॲडमिनचे साहेब शांत गृहस्थ होते. ते म्हणाले, "मॅडम, गार होतंय म्हणून आजवर एकानेही तक्रार केलेली नाही. उकडतंय म्हणून मात्र दहा मिनिटांत फोन येतो. तुमचा अख्खा मजला तयार असेल तर करून बघू. एकाचीही हरकत असेल तर नको."

मजल्यावर एकेकाला विचारलं. बहुतेकांनी खांदे उडवून हो म्हटलं. नाही म्हणाली ती फक्त माझी मैत्रीण.

मला वाटलं, चेष्टा करतेय. संध्याकाळी खोलीवर पोळ्या लाटताना पुन्हा विषय काढला, तेव्हा तिने लाटणं खाली ठेवलं.

"तुला माहीत नाही आमचा उन्हाळा. दहावीचा अभ्यास मी बादलीत पाय बुडवून केलाय. ओली चादर अंगावर घेऊन झोपायचो, ती अर्ध्या तासात कडक वाळायची. या ऑफिसात पहिल्या दिवशी आले ना, तर दारातच उभी राहिले. मग जिन्यात जाऊन बाबांना फोन केला, की बाबा, इथे सगळं गार आहे." लाटणं पुन्हा उचलून ती म्हणाली, "आयुष्यात पहिल्यांदा मला गार बसायला मिळतंय. तेवढं नको ना काढून घेऊ."

मी तिच्या हातातलं लाटणं घेतलं आणि उरलेल्या पोळ्या लाटल्या. तो विषय मी सोडून दिला. समितीत जाऊन पोस्टर रंगवू लागले.

पावसाळा सुरू झाल्यावर तिचे बाबा आले. ते तिकडच्या वीज केंद्रात कोळसा वाहून नेणाऱ्या पट्ट्यावर काम करून नुकतेच निवृत्त झाले होते. मुलीचं ऑफिस बघायची त्यांना फार हौस. परवानगी काढून आम्ही त्यांना वर आणलं. इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून ते तिच्या खुर्चीत अगदी ताठ बसले. थोड्या वेळाने त्यांनी हात छातीशी घेतले. मी माझी शाल त्यांच्या खांद्यावर टाकली.

"थंडी वाजून राहिली बेटा," ते हसत म्हणाले. मग छताकडे बघून विचारलं, "इथली लाईन आपल्याकडूनच येत असन ना?"

"थोडी तिकडूनही येत असेल, बाबा."

त्यांचा चेहरा उजळला. "म्हणजे मी पट्ट्यावर होतो, तवा तू इथं गार बसली होती." हे त्यांनी इतक्या अभिमानाने सांगितलं, की आम्ही दोघीही हसलो. मग त्यांनी सहज विचारलं, "रात्री बंद करत असतील ना हे?"

"नाही, चालूच असतो."

"कोणी नसते तरी?"

"हो."

त्यांनी नुसती मान हलवली. मुलीचा हात हातात घेतला तर तो गार पडलेला. "तुले थंडी नाही वाजत?"

"वाजते, बाबा. आतून दोन टॉप घालते."

एकाच खोलीत राहून हे मला माहीत नव्हतं.

बाबांना गाडीत बसवून परत येताना रिक्षात ती म्हणाली, "सांग तुझ्या साहेबांना, करा म्हणावं एसी कमी. पण दुपारी उकडलं तर बघायचं मी. तुम्हा इकडच्या लोकांना ऊन समजत नाही."

आणि खरंच तिनेच बघितलं. तापमान चोवीसवर नेलं, त्याच दुपारी पश्चिमेच्या काचेजवळची मंडळी कुरकुरू लागली. बाहेर पावसाने उघडीप दिली होती आणि काच तापली होती. साहेबांना फोन जाण्याआधी ही तिथे पोहोचली. तिने सांगितलं, ऊन येण्याआधीच पडदे ओढायचे, बंद ठेवलेले कोपऱ्यातले पंखे चालू करायचे, काचेला चिकटलेली टेबलं आत सरकवायची. एका टेबलाला मी हात लावला, दुसऱ्याला कुरकुरणाऱ्यांनीच लावला. रात्री मजला रिकामा झाल्यावर एसी बंद करायचं साहेबांनीच सुचवलं. पुढे ते आमच्या जागेवर येऊन एवढंच म्हणाले, "मॅडम, बिल उतरलंय. बाकीच्या मजल्यांना तुम्ही समजावता का?" दोन मजले तयार झाले. वरच्या साहेब लोकांचा मजला शेवटपर्यंत तयार झाला नाही.

पोस्टरं कधी फाटली ते कळलंही नाही. पण त्या वर्षापासून दर रविवारी तिच्या बाबांचा फोन यायचा आणि ती फोन माझ्या कानाला लावायची.

"तुमच्याकडे किती आहे आता?" ते विचारायचे.

"ऑफिसात चोवीस, काका."

"आमच्याकडचं विचारूच नको," म्हणायचे, आणि मग आपल्या अंगणातल्या कडुनिंबाखाली किती बरं वाटतं ते सावकाश सांगत बसायचे.